डोळे दोन, बॅगा सात

...नाही, पण मला एक सांगा, नवरीच्या बापाने मांडवाच्या दारात उभं राहून फोटोग्राफरच्या बॅगा मोजायच्या, ही कुठली रीत हो? पाणी विचारत नाहीत, जेवलास का विचारत नाहीत, बस जरा म्हणत नाहीत... पहिला सवाल काय, 'बॅगा किती?' बॅगा! जसा काय फोटो काढायला नाही, नांदायलाच आलाय तो! आणि तुम्हाला सांगतो, आमच्याकडे, म्हणजे ह्या ठाकुर्लीपासून खाडीच्या कडेकडेने आगऱ्यांची जेवढी म्हणून गावं आहेत ना, तिथे लग्नाची इज्जत तीनच गोष्टींवर... डीजेचे बॉक्स किती, मटणाचे टोप किती, आणि फोटोग्राफरच्या बॅगा किती! फोटो कसे आले ते कोण बघतो? फोटो येणार चार-सहा महिन्यांनी, तोवर पोरगी माहेरी येऊन, रुसून, समजूत काढून घेऊन परतपण गेलेली असते. बॅगा कशा, त्याच दिवशी दिसतात. अख्ख्या गावाला दिसतात. व्याह्यांना दिसतात!

तर हा प्रफुल्ल. माझ्या बहिणीचा मुलगा, सख्खा भाचा, लग्नाचे फोटो काढतो आणि अख्ख्या पट्ट्यात त्याचं नाव. कशासाठी? फोटोंसाठी? छे हो! 'सातबॅगवाला प्रफुल्ल'! एक पाठीवर, दोन ह्या खांद्यावर, एक त्या खांद्यावर, एक गळ्यात, दोन हातात... लांबून बघणाऱ्याला वाटायचं, कल्याणच्या मार्केटातून कोणीतरी दुकान उचलून पळतोय. मी त्याला सारखा सांगायचो, शाळा आपली सातवीपर्यंतच, तीपण मास्तर दया येऊन पुढे ढकलायचे म्हणून, पण तेवढा हिशोब मला येतो. अरे प्रफुल्ल्या, देवाने डोळे दिले दोन, तुझ्या बॅगा सात!

ऐकतोय कशाला! आणि होतं काय त्यात? लेन्सा. कॅमेऱ्याच्या तोंडाला लावायच्या काचेच्या नळ्या हो. एक होती पांढरी, लांबलचक, कोपरापासून बोटांपर्यंत येईल एवढी. तिला सगळे तोफ म्हणायचे. ती बाहेर काढली की पोरं बाजूला सरकायची, म्हाताऱ्या पदर सावरायच्या आणि पुढाऱ्यांच्या छात्या आपोआप पुढे यायच्या. मग एक रुंद. तिच्यात अख्खा मांडव मावायचा, पण कडेला जी बाई उभी असेल ती फोटोत दुप्पट व्हायची, त्यावरून आमच्या आळीत दोन घरांत अजून अबोला आहे. एक नुसती अंगठीचा फोटो काढायला! खरंच सांगतो! अंगठीतला खडा कलिंगडाएवढा दाखवायचा, म्हणजे खडा खोटा आहे हे नवरीच्या आत्याला घरबसल्या कळेल. एक अंधारात चालणारी, एक त्याच्याहून जास्त अंधारात चालणारी... आता मला सांगा, आमच्या मांडवात अंधार कुठून येणार? डीजेवाला एवढे लाइट सोडतो की खाडीतल्या होड्या वाट चुकून मांडवात येतील! आणि एक अशी होती जी का घेतली ते प्रफुल्ललापण आठवत नव्हतं, पण ती घरी राहिली तर त्याचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही.

ही सगळी कृपा कोणाची? त्या मोबाईलमधल्या पोरांची. जेवून उठला की हा बघत बसायचा. तो तिकडून बोलणार, 'हॅलो दोस्तो, अगर आपके पास ये लेन्स नहीं है, तो भाई, आप कर क्या रहे हो?' आणि हा इकडे हळूच मान हलवणार... खरंच, काय करतोय मी? झालं, आठवड्याभरात खोका घरी! त्याची बायको करिश्मा, वर्तकनगरची पोरगी, तोंडाची फटकळ पण कामाची पक्की, फोटो कॉम्प्युटरवर साफसूफ करून अल्बम तीच लावते. ती म्हणायची, 'अहो, कपाटात आता माझ्या साड्या तुमच्या लेन्सांची परवानगी काढून ठेवते मी.' तरी हा बधला नाही. डोळे दोन, बॅगा सात!

मग आली ती हळद.

आता आमची हळद तुम्हाला ठाऊक आहे का? ते आंब्याच्या पानाने गालाला दोन ठिपके लावतात आणि मग सगळे मसालेदूध पितात, तसलं नाही हां. आमच्यात ओली हळद पातेल्याने आणि सुकी हळद मुठीने. नवरीला लावतात, नवरीच्या बहिणीला लावतात, वाढप्याला लावतात, रस्त्याने जाणाऱ्या रिक्षावाल्याला थांबवून लावतात. अशा त्या पिवळ्या धुक्यात, भिवंडीकडच्या एका गावात, मांडवाच्या मधोमध उभं राहून ह्या शहाण्याने काय केलं? लेन्स बदलली! एक काढली, दुसरी लावायच्या आत कॅमेऱ्याचं तोंड उघडं, आ वासून... आणि नवरीच्या काकीने मारली मूठ! गेली की हळद आत. पोटात. तिथे एक काच असते म्हणे, पोस्टाच्या तिकिटाएवढी, तिच्यावरच सगळा फोटो उमटतो. ती काच हळद लागून नवरीआधी सौभाग्यवती झाली!

ह्याला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी लग्नपण तसंच काढलं. घरी करिश्माने उघडून बघितलं तर प्रत्येक फोटोत, त्याच त्याच जागी, बारीक काळपट ठिपके. भटजींच्या कपाळावर, बुंदीच्या लाडवावर, आणि नेमके नवरीच्या डाव्या गालावर. बिचारी करिश्मा एकेक ठिपका पुसत बसली, डोळे चुरचुरेपर्यंत. तरी थोडे राहिलेच. नवरीच्या आईने अल्बम उघडला आणि किंचाळली, 'अगो बाय, माझे पोरीला कांजन्या कवा झाल्या!'

हसलात ना? हसा. पण पुढचं ऐका. ती लेन्स बदलत होता ना, तेवढ्या वेळात नवरीच्या आजीला खुर्चीवर बसवून चौघांनी मांडवात आणलेलं. अंथरुणाला खिळलेली म्हातारी. तिने थरथरत्या बोटाने नातीला हळद लावली आणि परत तिला आत नेली. ह्याची नळी बसेपर्यंत खुर्ची गेलेली! अल्बमात सगळं आहे, टोपातलं मटणपण आहे, ती आजी नाही. महिन्याभरात ती वारली. नवरी स्वतः आलेली विचारायला, 'दादा, एखादा हललेला तरी असेल ना... धुरकट चालेल.' त्या दिवशी प्रफुल्ल जेवला नाही, आणि आमचा प्रफुल्ल जेवला नाही म्हणजे समजा जग उलटंपालटं झालं!

त्यात खांदा. उजवा हात वर जाईना. केस विंचरायला करिश्मा, शर्ट घालायला करिश्मा. नेला त्याला कल्याणला डॉक्टर निशा मॅडमकडे. त्यांनी खांदा दाबला, हा ओरडला.

'हमाली करता?'

'नाही मॅडम, फोटोग्राफर.'

'फोटो दगडात कोरता का?' आणि मग चष्मा काढून सरळ सांगितलं, 'हे बघा, एक काहीतरी ठेवा, बॅगा नाहीतर खांदा. असंच चाललं तर पुढच्या सीझनला तुमच्याने कॅमेरा डोळ्यापर्यंत न्यायचा नाही.'

झालं! कॅमेरा डोळ्यापर्यंत गेला नाही तर फोटोग्राफर काय बेंजो वाजवणार?

पण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी पोरगा घरी आला तो वेगळाच. सतरंजी अंथरली, सगळ्या लेन्सा ओळीने मांडल्या, पंचनाम्याला मांडतात तशा, आणि करिश्माला बोलला, 'मागच्या सगळ्या लग्नांचे फोटो उघड. मी काढलेले नको, लोकांनी अल्बमला निवडलेले उघड. कुठला कुठल्या लेन्सने काढलाय ते कॉम्प्युटर सांगतो, ते बघ.' काय डोकं बघा! एवढी वर्षं तो त्या मोबाईलमधल्या पोरांना विचारत होता की कुठली लेन्स पाहिजे. ज्यांचं लग्न त्यांना कधी विचारलंच नव्हतं!

करिश्मा बघत गेली, सांगत गेली. 'थर्टीफाईव्ह. परत थर्टीफाईव्ह. हा एटीफाईव्ह. हा थर्टीफाईव्ह...' म्हणजे एक जवळ जाऊन माणसांत घुसून काढायची, छोटी, आपल्या चहाच्या कपाएवढी. दुसरी थोड्या लांबून चेहरा टिपायची. लोकांनी घरात लावायला निवडलेले जवळजवळ सगळे फोटो ह्याच दोघींचे! 'आणि तोफ?' प्रफुल्लने घाबरत घाबरत विचारलं. करिश्मा बोलली, 'तोफेचे निवडलेत ना, एका आमदाराचा आणि एका बैलाचा.' रुंदवाली? मांडवाचा एक फोटो, तोपण डेकोरेशनवाल्याने मागून घेतलेला. अंगठीवाली? तिच्याबद्दल बोलायलाच नको, त्या खड्यावरून सोयरीक मोडता मोडता राहिलेली.

मी तिथेच बसलेलो चहा पीत. मी बोललो, 'अरे ठेव एखादी, वेळेला लागते.' तर हा माझ्याकडे बघून काय बोलला? 'मामा, वेळेला लागते ती लेन्स शोधत होतो म्हणून वेळ गेली.' मला गप्प बसवणारा आमच्या घराण्यात पहिलाच!

ठरलं! दोन कॅमेरे. एकाला थर्टीफाईव्ह, एकाला एटीफाईव्ह. छातीवर कातडी पट्टा, दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा लोंबता, म्हणजे वजन सारखं. खिशात सेल, कमरेला छोटा फ्लॅश, संपलं. आणि लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. पुढे कधी हात शिवशिवला तर? तर ह्याने कॅमेरा आणि लेन्स जिथे जुळतात ना, तिथे काळी कापडी चिकटपट्टी गच्च गुंडाळली. हळद आत जायला नको आणि आपलं मन बाहेर यायला नको!

बाकीच्या लेन्सा घेऊन आम्ही ठाण्याला गेलो, विकायला. दुकानदार ओळखीचा. तोफ बघून त्याला भरूनच आलं. 'प्रफुल्लभाई, रिटायर होताय?'

'नाही. सुरू करतोय.'

तो बेरकी, लगेच काउंटरखालून एक खोका काढला. 'मग ही बघा, नवीन आलेय. जवळचं, लांबचं, सगळं एकाच लेन्समध्ये! बाकीच्या सगळ्यांचं काम ही एकटी करते. बघा तरी हातात घेऊन, बघायला काय जातंय?'

मी बघितलं, प्रफुल्लचा हात उचलला गेला. खरंच गेला! काउंटरपर्यंत गेला, बोटं उघडली... आणि खांद्यात सणक आली तसा 'आई गं' करून खाली आला. देव असतो हो कुठेतरी, आमच्या भाच्याच्या तर खांद्यातच असतो.

आता इथपर्यंत सगळं घरच्या घरात. खरी परीक्षा पुढे, कारण पुढचं लग्न कोणाचं? मोरूशेठच्या पोरीचं, दक्षताचं! मोरूशेठचा बाप आणि मी एका मिठागरात राबलेलो, पाय फुटेपर्यंत. आता त्या जमिनीवर बिल्डिंग आहे, स्विमिंग पूलवाली, म्हणजे पाणी तेवढं अजून आहे, मीठ गेलं. तर मोरूशेठ म्हणजे पट्ट्यातलं मोठं घर. त्याने नापास केलं की सगळी गावं नापास करणार. प्रफुल्ल आधीच जाऊन स्वच्छ सांगून आला, 'शेठ, मी दोनच कॅमेरे आणणार, दोनच लेन्स, बॅगा नाहीत.' मोरूशेठ तोंड मिटूनच हसला, मांडीवर थाप मारली, 'मस्करी करतोस काय? नऊ आन! व्याही डोंबिवलीचे हायेत, शिकलेले.' हा परत बोलला, शेठ परत हसला. लोकांना खरं सांगितलं की ते हसतात, हा माझा साठ वर्षांचा अनुभव आहे. उगाच नाही मी थापा मारत!

म्हणून मग मी काय केलं... अहो, मामा कशाला असतो? प्रफुल्लला न सांगता त्याच्या त्या सातही रिकाम्या बॅगा माळ्यावरून काढल्या, घरातल्या उशा गोळा केल्या, शेजारच्या रुचिताकडच्या दोन आणल्या, कोंबल्या, चेना लावल्या आणि हळदीच्या संध्याकाळी रिक्षात घालून मोरूशेठच्या मांडवाच्या दारात रचल्या. मीच हाश्हुश् करत, कंबर धरत. मोरूशेठ आला, मोजल्या... 'सात! आला काय प्रफुल्या?' मी बोललो, आला, मागे बायका हळद कांडतात तिथे फोटो काढतोय. शेठ खूश. व्याह्यांना हात धरून दाखवायला आणलं, 'ह्ये बगा, नुसता कॅमेऱ्याचा सामान!' व्याही बोलले, 'वा, वा.' झाली की नाही इज्जत? फुकटात! सगळं कसं छान चाललेलं...

पण मोरूशेठची मोठी बहीण चंद्रभागा! कल्याणहून आलेली, कंबर धरलेली. टेकायला काहीतरी पाहिजे म्हणून तिने ओढली एक बॅग पाठीशी. टेकली. जरा वेळाने बोलते, 'अगो बाय, कॅमेरे किती मऊ असतात आजकाल!' आणि उघडली ना चेन! आतून आमची उशी. गुलाबाच्या फुलांची, त्यावर झालर! तिने ती उंच धरली आणि डीजे नेमका दोन गाण्यांच्या मध्ये असताना, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ओरडली, 'मोरू, तुझा फोटोग्राफर हलदीचे फोटो कारायला आलाय का झोपायला?'

तुम्हाला सांगतो, व्याही असे हसले, असे हसले... शिकलेले लोक इतके जोरात हसत असतील असं मला वाटलं नव्हतं.

मोरूशेठ लाल. सातही बॅगा उलट्या केल्या. उशा, उशा, उशा, एक तक्क्या. एवढ्यात प्रफुल्ल मागून आला, दोन्ही बाजूंना दोन कॅमेरे, त्याने उशांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. नुसतं 'मामा...' बोलला, एवढंच. त्यापेक्षा लाथ घातली असती तर बरं वाटलं असतं.

शेठने तिथल्या तिथे मोबाईल काढला, ठाण्याच्या त्या प्रेमला, दुसऱ्या फोटोग्राफरला, लावला, स्पीकरवर! 'प्रेम, उद्या सकाली लग्नाला येशील काय? बॅगा किती हायेत तुझ्याकडं? आठ? ये!' आणि प्रफुल्लला बोलला, 'तू जा घरी. उशा घेऊन जा.'

दुसरा कोणी असता तर गेला असता. मी तर उशा गोळा करायला वाकलेलोपण. पण प्रफुल्ल जागचा हलला नाही. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. बोलला, 'शेठ, उशा मामाच्या. मला माहीत असत्या तर दारातच फेकून दिल्या असत्या. माझं सामान हे, दोन कॅमेरे, हे मी तुम्हाला दोनदा सांगितलेलं, तुम्ही हसलात. प्रेमला उद्या बोलावलंय ना, येऊ दे. आजची हळद मी घेतलेय, आजची मी काढणार. सकाळी फोटो बघा, मग कोणाला ठेवायचं ते ठरवा.'

एवढं सरळ मोरूशेठशी बिल्डरपण बोलत नाही. 'काढ,' शेठ बोलला, 'बगतो सकाली.'

आणि हळद सुरू झाली. आता मांडवात मधोमध कोण? आवडाबाई. धवलारीण. आमच्या लग्नात भटजीच्या आधी मान तिचा. ती धवले गाते, लग्नाची जुनी गाणी, एकेक देवाला, घरातल्या गेलेल्या माणसांना नावानिशी हाका मारून मांडवात बोलावते. ऐंशीच्या पुढची असेल, पण आवाज असा की डीजेवाला आपण होऊन बटण बंद करतो. तिचा एकच राग, तोफेवर. समोर तोफ आली की तिचं तोंड बंद. मागे एकदा प्रफुल्लला बोललेली, 'ती बंदूक खाली घे, नायतर लग्न तूच लाव.' आज ह्याला रिकामा बघून विचारते, 'तोफ कुठं हाय रे?'

'विकली आजी.'

'बरा केलास. बस हितं.' आणि आपल्या बाजूला जागा करून दिली. कोणाला? फोटोग्राफरला! अशी जागा तिने आमदारालापण दिली नव्हती.

हा बसला तो बसलाच. छोटा कॅमेरा, कोणाचं लक्षपण जाईना. ओली हळद आली, सुकी हळद आली, ह्याच्या डोक्यावर, कानात, शर्टात, कॅमेऱ्यावर... येऊ दे! पट्टी गच्च. जवळचं दिसलं की हा कॅमेरा, लांबचं दिसलं की हा सोडून तो. तोंड उघडायचं नाव नाही, ना कॅमेऱ्याचं, ना ह्याचं. डोळे दोन, कॅमेरे दोन!

आणि मग आवडाबाईने गाण्यात मोरूशेठच्या बापाला हाक मारली. नाव घेतलं, मिठागरातून पाय धुऊन मांडवात ये, नातीला हळद लागतेय... असं काहीतरी. मला पुढचं नीट ऐकू आलं नाही, माझ्या कानात हळद गेलेली. डोळ्यातपण गेली असेल.

मोरूशेठ कुठे? पार पलीकडे, मांडवाच्या टोकाला, मटणाच्या टोपापाशी आचाऱ्यावर ओरडत. नाव ऐकलं आणि हातातला डाव तसाच राहिला. हळूच खाली बसला, उपड्या घातलेल्या टोपावर. एकटा. आता आली का पंचाईत? तो तिकडे, प्रफुल्ल इकडे, मध्ये अख्खा गाव! अशा वेळी काय लागते? तोफ! मी बघितलं, ह्याचा हात सवयीने मागे गेला, बॅग चाचपायला. पाठीवर काहीच नाही. एक क्षण थांबला. आणि मग उठला आणि सरळ चालायला लागला! बायकांच्या मधून, वाकून, ढकलून, कोणाची ओली हळद पाठीवर घेत, सरळ! अंगावर ओझं असतं तर पहिल्या बाकड्यालाच अडकला असता. इकडून हा पोचतोय तेवढ्यात तिकडून दक्षता पळत आली, हळदीने माखलेली, आणि बापाच्या टकलाला दोन्ही हातांनी हळद फासली. आणि मोरूशेठ... हातात डाव, नाकातून पाणी, आणि तोंडभर हसतोय. दात दिसले हो त्याचे! एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा बघितले. वरचा एक नाहीच आहे.

क्लिक, क्लिक. हा सोडला, तो उचलला. क्लिक. कोणाला कळलंपण नाही.

सकाळी लग्नाच्या आधी मोरूशेठ फेटा बांधून आला. दाराबाहेर तो प्रेम, आठ बॅगांसकट, घामाघूम, मान एका बाजूला. करिश्माने लॅपटॉप उघडून ठेवलेला. रात्रीत तिला एकपण ठिपका पुसायला लागला नव्हता, तिचा चेहराच सांगत होता. शेठ बघत गेला... आवडाबाई, हं. बायका, हं. व्याही हसतायत, हं हं, ते राहू दे. आणि मग तो फोटो आला.

मोरूशेठ पुढे वाकला. मागे सरकला. 'ह्यो... मी?'

'तुम्हीच.'

आता तुम्हाला सांगायला पाहिजे, मोरूशेठचे आजवरचे सगळे फोटो एकसारखे. छाती पुढे, हात ताठ, डोळे वटारलेले, निवडणुकीच्या बॅनरसारखे. आधार कार्डावरपण तसाच. तो बोलला, 'काढताना मना का नाय सांगितलास?'

'सांगितलं असतं तर छाती काढली असतीत शेठ.'

चंद्रभागाने मागून डोकावलं. तिच्या तोंडाला कुलूप कधी नसतं, पण तिचापण आवाज बारीक झाला. 'मोरू, बाबासारखा दिसतोस रे अगदी.'

मोरूशेठने फेट्याच्या शेमल्याने नाक पुसलं, उठला, बाहेर गेला आणि प्रेमला बोलला, 'आलायस तर जेवून जा.'

जिंकला की नाही भाचा माझा? निशा मॅडमने पुढच्या महिन्यात हात वर करायला सांगितला, गेला वर, पंख्याला लागता लागता राहिला! आणि मोरूशेठ आता जिथे तिथे सांगत फिरतो, 'माझे पोरीचे लग्नात फोटोग्राफरकडे एकपन बॅग नव्हती! एकपन!' म्हणजे बघा, आता गावागावांत ती चढाओढ. परवा एका लग्नात दुसरा फोटोग्राफर आपल्या बॅगा रिक्षात लपवून, दोन कॅमेरे गळ्यात अडकवून आत शिरताना मी डोळ्यांनी बघितला. रिक्षावाल्याला वेटिंग देत होता बिचारा!

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कशाला तुमच्यापुढे रडत बसलो असतो? तोफ होती ना, तेव्हा बायका चार हात लांब राहायच्या, हात लावायची कोणाची टाप नव्हती. आता ही चहाच्या कपाएवढी लेन्स बघून कोणी घाबरतच नाही! 'प्रफुल्या, दे रे जरा, आमचा एक काढते.' 'ए, मलापण बघू, कुठं दाबायचं?' मावशा, काक्या, आत्या, ह्याच्या अंगावरून कॅमेरा उतरवतात आणि वर ह्यालाच ढकलतात, 'तू पन उभा राहा रे नवरीबाजूला, तुझा कोन काढतो कवा?' तो भिडस्त, राहतो उभा. करिश्मा आता ठिपके पुसत नाही, फोटोत आलेले अंगठे कापते!

गेल्या आठवड्यात एका घरी अल्बम द्यायला मी प्रफुल्लसोबत गेलेलो. नवरीची आजी पानं उलटते, उलटते, चष्मा वर करते, परत उलटते. मग मला विचारते, 'काय रे, नवरे दोन होते काय?'

मी बोललो, 'नाय गो आजी, हा जाडा तो प्रफुल्ल. फोटोग्राफर.'

'फोटोग्राफर? मग फोटो कारले कोनी?'

'तूच की! ह्यो बघ तुझा अंगठा, कोपऱ्यात.'

म्हातारीने अंगठा बघितला, ओळखला, फोटो जरा लांब धरला, जवळ धरला, मान डोलवली आणि प्रफुल्लच्या देखत सुनेला हाक मारून बोलली, 'अगो, चांगले येतात की मना! मग नातवाचे हलदीला ह्याला कशाला बोलवायचा?'